शाकाहारी घराण्यात निघालेला शिकारी: ऑस्ट्रेलियाचा मार्सुपियल लायन

ऑस्ट्रेलियातला नामशेष झालेला शिकारी प्राणी म्हटलं की बहुतेकांना टास्मानियन टायगर आठवतो, तोच तो पाठीवर पट्टे असलेला, ज्याचा माहितीतला शेवटचा प्राणी १९३६ साली होबार्टच्या झूमध्ये मेला. त्याचे फोटो आहेत, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आहे, त्याला क्लोनिंग करून परत आणायच्या बातम्या दर दोन वर्षांनी येतात, त्यामुळे सगळी प्रसिद्धी तोच खाऊन जातो. पण माझ्या मते त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त विचित्र आणि जास्त भारी असं एक अख्खं घराणं त्याच खंडावर होऊन गेलं, सुमारे अडीच कोटी वर्षं टिकलं आणि साधारण ४०-४५ हजार वर्षांपूर्वी संपलं. शास्त्रीय नाव थायलॅकोलिओनिडी. बोलताना सगळे मार्सुपियल लायन म्हणतात, आपण पण तेच म्हणू, फक्त नावावर जाऊ नका, सिंहाशी याचं काडीचंही नातं नाही.

नातं कोणाशी आहे ते आधी सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

मार्सुपियल म्हणजे पिशवीवाले प्राणी हे साधारण माहीत असतं सगळ्यांना. पिल्लू अगदी अर्धवट वाढलेलं जन्मतं, मग आईच्या पोटावरच्या पिशवीत (सगळ्यांना नीट पिशवी असतेच असं नाही, पण असो) स्तनाला चिकटून उरलेली वाढ पूर्ण करतं. आता ऑस्ट्रेलियात या पिशवीवाल्यांच्या मोठ्या शाखा पडल्या. एक शाखा मांसाहारी लोकांची, तिच्यात टास्मानियन डेव्हिल, क्वोल नावाचे मांजराएवढे शिकारी आणि तो टास्मानियन टायगर हे सगळे येतात. यांचे पूर्वजच किडेमकोडे आणि मांस खाणारे, त्यामुळे तोंडात पहिल्यापासून सुळे होते, पुढे शिकारी झाले यात फार आश्चर्य नाही. दुसरी शाखा डायप्रोटोडॉन्ट म्हणतात त्यांची, म्हणजे कांगारू, कोआला, वॉम्बॅट, पॉसम (झाडांवर राहणारे छोटे प्राणी). हे मुख्यतः झाडपाला, गवत, कंदमुळं खाणारे. पॉसम अधूनमधून अंडं, एखादा किडा खातात म्हणा, पण एकूण घराणं शाकाहारीच. आणि मार्सुपियल लायन या दुसऱ्या शाखेतला! त्यातही कोआला आणि वॉम्बॅट ज्या उपशाखेत बसतात तिथला. वॉम्बॅट बघितला नसेल तर सांगतो, ठेंगणाठुसका, बिळात राहणारा, २५-३० किलोचा, गवत चघळत बसणारा प्राणी. त्याच्या दूरच्या भावकीत सिंहाच्या तोडीचा चावा घेणारा शिकारी निघाला असं कोणी सांगितलं तर पटेल का? नाही ना? १९व्या शतकातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पटलं नव्हतं, आणि त्यावरून जे भांडण झालं ते पुढे येईलच.

आता अडचण अशी की मांसाहारी व्हायचं ठरवलं (ठरवत कोणी नसतं, बोलायची पद्धत) तरी त्यासाठी तोंडात हत्यारं पाहिजेत. वाघ-सिंह-बिबट्या यांच्याकडे दोन हत्यारं असतात. एक, लांब सुळे, ज्यांनी मान किंवा गळा पकडून जनावर मारायचं. दोन, गालाकडचे धारदार दात, ज्यांनी मांसाचे तुकडे कापायचे. डायप्रोटोडॉन्ट मंडळींची पंचाईत अशी की त्यांच्या पूर्वजांनी सुळे केव्हाच गमावलेले. खालच्या जबड्यात सुळे नाहीतच, वरच्यात असले तरी नावाला. त्यांच्याकडे काय होतं, तर खालच्या जबड्यात समोर दोन मोठे, पुढे झुकलेले पटाशीचे दात, ज्यांनी पानं-डहाळ्या खुडायच्या. कांगारूची कवटी बघितली तर ते दोन दात लगेच डोळ्यात भरतात.

उत्क्रांतीत एकदा गेलेला अवयव तसाच्या तसा परत येणं फार अवघड, त्यामुळे हातात जे आहे त्यातूनच काम भागवावं लागतं. मार्सुपियल लायनमध्ये तेच झालं. सुळे नाहीत ना, मग पटाशीचे दातच लांब, टोकदार आणि जाडजूड झाले, वरचे दोन आणि खालचे दोन एकमेकांसमोर येऊन भोसकायचं काम करायला लागले. आणि कापायचं काम गेलं गालाकडच्या एका दाताकडे, ज्याला तिसरा प्रीमोलर म्हणतात, आपण तिसरी उपदाढ म्हणू. ही उपदाढ इतकी वाढली की घराण्यातल्या शेवटच्या आणि सगळ्यात मोठ्या प्राण्यात, थायलॅकोलिओ कार्निफेक्समध्ये, ती पुढून मागे चार-पाच सेंटिमीटर लांबीचं सरळसोट पातं झाली. वरचं पातं खालच्या पात्याला घासून खाली येणार, अगदी अडकित्त्यासारखं, मध्ये जे सापडेल त्याचे दोन तुकडे. आणि या पात्यांना जागा करून देताना मागच्या दाढा जवळजवळ गायबच झाल्या, वर एखादी बारकीशी, खाली दोन, त्याही नाममात्र. म्हणजे चावून चावून बारीक करायची सोयच नाही तोंडात. कापा आणि गिळा.

इथे अजून एक बारीक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार आवडते. आपल्याला दुधाचे दात पडून बऱ्याच ठिकाणी नवे दात येतात. पिशवीवाल्या प्राण्यांमध्ये तसं नसतं, तिथे दुधाचा दात जाऊन नवा येतो तो फक्त एका जागी, आणि ती जागा म्हणजे हीच तिसरी उपदाढ. तोंडातल्या ज्या एकाच दाताला बदलायची मुभा होती नेमका तोच या घराण्याचा सुरा झाला. यात कार्यकारणभाव आहे असं मी म्हणत नाही, पण योगायोग म्हणून सुद्धा मस्त आहे.

बरं, आता ते भांडण. १८३० च्या सुमाराला न्यू साउथ वेल्समधल्या वेलिंग्टन गुहांमध्ये मेजर थॉमस मिचेल नावाच्या सर्व्हेअरला नामशेष प्राण्यांची खूप हाडं मिळाली, त्यात या प्राण्याचेही अवशेष होते पण तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग व्हिक्टोरियातल्या कोलोंगुलॅक नावाच्या तळ्याजवळ कवटीचा काही भाग मिळाला, तो लंडनला रिचर्ड ओवेनकडे गेला. ओवेन म्हणजे ज्यानं डायनोसॉर हा शब्द काढला तोच, त्या काळातला हाडांच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा माणूस, आणि तितकाच भांडखोर. त्यानं १८५९ मध्ये या प्राण्याचं वर्णन छापलं, नाव दिलं थायलॅकोलिओ कार्निफेक्स, म्हणजे पिशवीवाला सिंह, आणि वर कार्निफेक्स म्हणजे जल्लाद. हा अत्यंत भयंकर शिकारी होता असं त्यानं ठामपणे लिहून टाकलं, हातात होती ती फक्त मोडकी कवटी. समोरचे पटाशीचे दात तर त्यात नव्हतेच.

झालं, लोक तुटून पडले. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचा क्युरेटर जेरार्ड क्रेफ्ट, हा मूळ जर्मन, तो म्हणाला की कसला जल्लाद, दातांची ठेवण तर पॉसमसारखी आहे, पॉसमपेक्षा फार जास्त मांस हा खात नसणार. लंडनमध्ये विल्यम हेन्री फ्लॉवरनं १८६८ मध्ये हाच मुद्दा अजून नीट मांडला. त्याचं म्हणणं असं की आजही ऑस्ट्रेलियात रॅट-कांगारू नावाचे छोटे कांगारू आहेत, त्यांना सुद्धा अशीच पात्यासारखी उपदाढ असते आणि ते खातात काय तर कंद, मुळं, जमिनीखालची बुरशी. मग पातं दिसलं की मांसाहारी हे कुठून आलं? याच धर्तीचा वाद त्याआधी ह्यू फाल्कनरनं ओवेनशी घातला होता, प्लॅजिऑलॅक्स नावाच्या डायनोसॉरच्या काळातल्या एका चिमुकल्या सस्तन प्राण्यावरून, त्यालाही अशीच पात्यासारखी उपदाढ होती आणि ओवेन त्यालाही मांसाहारी म्हणत होता. फाल्कनर म्हणजे आपल्याकडे सहारनपूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये होता आणि ज्यानं शिवालिक टेकड्यांमधली फॉसिल्स जगासमोर आणली तो.

खरं सांगायचं तर क्रेफ्ट आणि फ्लॉवर यांचा तर्क मला वाईट वाटत नाही. जवळचे नातेवाईक काय खातात ते बघा, सारखा दात कोणाला आहे ते बघा, मग बोला, ही शास्त्राची सरळ पद्धत आहे. ओवेननं उलट सिंहाच्या कवटीशी तुलना केली, नातं बाजूला ठेवून हत्यार बघितलं, आणि अर्धवट पुराव्यावर मोठी उडी मारली. उडी बरोबर जागी पडली ही गोष्ट वेगळी. पुढे कितीतरी वर्षं लोकांनी या प्राण्याला काय काय खायला घातलंय, कोणी म्हणालं कलिंगडासारखी फळं फोडून खात असेल, कोणी म्हणालं मगरीची अंडी, कोणी हाडातला मगज. बिचाऱ्याचा मेन्यू दर पिढीला बदलायचा.

क्रेफ्टचं पुढे काय झालं ते या विषयाला सोडून आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्युझियमच्या ट्रस्टींशी त्याचं वाजलं, १८७४ मध्ये त्याला काढून टाकलं, तो जागचा हलेना, तेव्हा त्याला खुर्चीसकट उचलून बाहेर रस्त्यावर नेऊन ठेवलं.

तर मांसाहारी की शाकाहारी हे शेवटी ठरलं कसं? एका झटक्यात नाही ठरलं. १८८३ मध्ये क्वीन्सलँडच्या चार्ल्स डी व्हिसनं डार्लिंग डाउन्स भागातली चावल्याच्या खुणा असलेली जुनी हाडं दाखवून ओवेनची बाजू घेतली. मग मध्ये बराच काळ विषय तसाच रेंगाळला. खरा जोर आला तो १९८० च्या आसपास. व्हिक्टोरियात लान्सफील्ड नावाच्या ठिकाणी दलदलीत मोठ्या नामशेष प्राण्यांची ढिगानं हाडं मिळाली होती आणि त्यातल्या काही हाडांवर सरळ कापल्यासारख्या खाचा होत्या. साहजिकच प्रश्न आला की हे माणसानं दगडी हत्यारांनी केलं का, म्हणजे माणूस तिथे या प्राण्यांची शिकार करत होता का? १९८१ मध्ये हॉर्टन आणि राइट या दोघांनी दाखवलं की या खाचा माणसाच्या नाहीत, थायलॅकोलिओच्या उपदाढांच्या आहेत. विचार करा, दात इतका साफ कापायचा की त्याची खूण दगडी सुरीची वाटावी. पुढच्याच वर्षी रॉड वेल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दातांच्या झिजेचा अभ्यास मांडला. हे तंत्र समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही काय खाता त्याप्रमाणे दातावर बारीक ओरखडे पडतात, गवतात सिलिका असते ती वेगळे ओरखडे पाडते, बी-कवच फोडलं तर खळगे पडतात, मांस कापलं तर दात दातावर घासून पात्याच्या दिशेनं रेघा पडतात. ते मायक्रोस्कोपखाली दिसतं. थायलॅकोलिओच्या पात्यांवर जे दिसलं ते मांस कापणाऱ्याचं होतं. आणि रॅट-कांगारूचा जो दाखला फ्लॉवरनं दिला होता त्यालाही उत्तर आहेच, रॅट-कांगारूला मागे दळायला चांगल्या दाढा शिल्लक असतात, पात्यानं तोडायचं आणि दाढांनी दळायचं. याच्याकडे दळायला काही उरलेलंच नाही, मग कंदमुळं खाऊन करणार काय?

चाव्याबद्दल बोलायचं तर २००५ चा स्टीफन रो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. कवटीवरून चाव्याचा जोर काढता येतो, कारण जबड्याचे स्नायू कवटीतल्या ज्या पोकळ्यांमधून जातात त्या मोजता येतात, स्नायू किती जाड होता कळलं की जोराचा अंदाज येतो. पण नुसता जोर मोजून उपयोग नाही, हत्ती माणसापेक्षा जोरात चावणारच. म्हणून त्यांनी शरीराच्या वजनाच्या मानानं चावा किती जोरदार आहे याचा एक आकडा काढला, ज्यात साधारण सरासरी म्हणजे १००. आपला बिबट्या त्यात ९४, सिंह ११२, वाघ १२७. टास्मानियन डेव्हिल, जो कुत्र्याएवढाही नसतो, तो १८१. आणि थायलॅकोलिओ कार्निफेक्स १९४. त्यांनी तपासलेल्या प्राण्यांमध्ये अगदी वरच्या आकड्यांपैकी एक! सरळ भाषेत सांगायचं तर शंभर-सव्वाशे किलोचा हा प्राणी त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वजनाच्या आफ्रिकन सिंहाइतक्या जोरानं चावू शकत होता.

वजनाचं पण आधी कोणाला नीट कळत नव्हतं. १९९९ मध्ये हाडांच्या मापांवरून सरासरी १०० ते १३० किलो असा अंदाज आला, त्याच्या आधी लोक याला बरंच लहान समजायचे. खांद्यापाशी उंची पाऊण मीटरच्या आसपास, म्हणजे उंच नाही, पण बांधा एकदम दणकट, पुढचे पाय तर पैलवानाचे.

आणि पुढच्या पंजाचा अंगठा. हे याचं दुसरं हत्यार. अंगठा बाकी बोटांपासून थोडा वेगळा फिरू शकायचा, आपल्यासारखा पूर्ण नाही पण पकड घेता येईल इतका, आणि त्याच्यावर एक भलीमोठी, आकड्यासारखी, आत ओढून घेता येणारी नखी. मांजरवर्गातले प्राणी पंजानं पकडतात आणि तोंडानं मारतात. याच्या बाबतीत काही अभ्यासकांचं म्हणणं उलट आहे, २०१६ मध्ये कोपराच्या हाडांच्या अभ्यासावरून फिगेरिडो, मार्टिन-सेरा आणि जानिस यांनी असं सुचवलं की हा तोंडानं घट्ट धरून ठेवायचा आणि मारायचं काम अंगठ्याच्या नखीनं करायचा. दुसऱ्या बाजूला रो यांच्या टीमनं कवटीचं कॉम्प्युटर मॉडेल करून असं मांडलं की सिंह जसा गळा धरून जनावर गुदमरेपर्यंत थांबतो तसं याला थांबायची गरजच नव्हती, ती पाती गळ्यातून कापत गेली की मोठं जनावर सुद्धा थोड्या वेळात खलास. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात असं मला वाटतं, पण आजच्या जगात अशा पद्धतीनं शिकार करणारा एकही प्राणी नाही म्हणून तुलनेला कोणाला घ्यायचं हाच मोठा प्रश्न आहे.

शिकार कोणाची, तर तेव्हाच्या ऑस्ट्रेलियात मोठ्या प्राण्यांची चंगळ होती. प्रोकॉप्टोडॉन नावाचे आखूड तोंडाचे, २०० किलोच्या वरचे कांगारू. डायप्रोटोडॉन नावाचा अडीच-पावणेतीन टनांचा गवत-पाला खाणारा प्राणी, आजवरचा सगळ्यात मोठा मार्सुपियल. हा डायप्रोटोडॉन पण वॉम्बॅटच्याच उपशाखेतला, म्हणजे भावकीतलाच, तरी त्याची पिल्लं याच्या तावडीतून सुटत असतील असं वाटत नाही. पूर्ण वाढलेल्या डायप्रोटोडॉनवर हल्ला करायचा का, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये.

आता गुहांकडे येऊ, कारण या प्राण्याबद्दल जे नीट कळलंय ते गुहांमुळेच. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याला नलारबोर नावाचं प्रचंड सपाट, चुनखडीचं पठार आहे. चुनखडीत पाणी मुरून खाली गुहा होतात आणि वर जमिनीला कधीकधी विहिरीसारखं अरुंद भोक पडतं. रात्री चालता चालता प्राणी त्यात पडायचे, खाली वीसेक मीटरवर अंधारात अडकायचे आणि मरायचे. क्रूर वाटेल पण फॉसिल शोधणाऱ्यांसाठी याच्यापेक्षा चांगली तिजोरी नाही, कारण आत कोरडं हवामान, कोणी हाडं पळवायला येत नाही. २००२ मध्ये गुहा धुंडाळणाऱ्या हौशी लोकांना तिथल्या एका गुहेत थायलॅकोलिओचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, काही लाख वर्षांपूर्वीचा, जणू काल झोपला असावा इतका जागच्या जागी. २००७ मध्ये गॅव्हिन प्रिडो आणि सहकाऱ्यांनी त्या गुहांमधून पाठीचा कणा असलेल्या ६९ जातींची नोंद केली, त्यात झाडावर चढणारे कांगारू सुद्धा होते, जिथे आज बघायला झाड नाही तिथे.

२०१८ मध्ये रॉड वेल्स आणि ॲरन कॅमेन्स यांनी नलारबोर आणि नॅराकूर्ट (साउथ ऑस्ट्रेलियातल्या गुहा) इथल्या सांगाड्यांवरून पहिल्यांदा पूर्ण शेपूट आणि गळ्याजवळची हाडं यांचं वर्णन केलं. १८५९ ते २०१८, जवळपास १६० वर्षं लागली शेपूट नीट कळायला! तर शेपूट जाड, ताठ आणि स्नायूंनी भरलेली निघाली, खालच्या बाजूला रक्तवाहिन्यांना दाबापासून वाचवणारी हाडं होती. याचा अर्थ असा लावतात की हा मागचे दोन पाय आणि शेपूट टेकून तिवईसारखा बसू शकायचा, म्हणजे पुढचे दोन्ही हात मोकळे. कांगारू असं बसतो ते आपण बघितलंय. पाठ मात्र ताठ होती, लांब पळून पाठलाग करणारा हा प्राणी नव्हे, दबा धरून झडप घालणारा.

आणि चढायचा सुद्धा. यावर पण आधी मतभेद होते. मग २०१६ मध्ये सॅम्युअल अरमन आणि प्रिडो यांनी वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या टाइट एंट्रन्स गुहेतल्या भिंतींवरचे ओरखडे तपासले. आज जे प्राणी आहेत त्यांच्या ओरखड्यांशी ताडून बघितलं, कोण किती मोठा, बोटांमधलं अंतर किती, नखं कशी, आणि एकेक नाव बाद करत करत थायलॅकोलिओपर्यंत आले. यातलं सगळ्यात छान म्हणजे ओरखडे मोठे पण होते आणि बारके पण, म्हणजे पिल्लं होती सोबत. गुहा ही नुसती पडायची जागा नव्हती, निदान तिथे तरी ती राहायची आणि पिल्लं वाढवायची जागा होती, आणि आत-बाहेर करायला सगळेजण कातळावरून चढायचे, सोपी वाट बाजूला असली तरी खडी वाट धरायचे. ऑस्ट्रेलियन लोक बाहेरून आलेल्या पर्यटकांना ड्रॉप बेअरची भीती घालतात, की झाडावरून कोआलासारखं पण मांसाहारी काहीतरी तुमच्या डोक्यात पडतं म्हणून, शुद्ध थाप आहे ती. पण ४५ हजार वर्षांपूर्वी तिथल्या जंगलात झाडाखालून जाताना वर बघणं शहाणपणाचं ठरलं असतं.

आतापर्यंत सगळं त्या एकट्या कार्निफेक्सबद्दल झालं, पण घराणं मोठं होतं आणि सुरुवात अगदी लहान प्राण्यांपासून होती. क्वीन्सलँडच्या वायव्येला रिव्हर्सली म्हणून जागा आहे, आज रखरखीत, पण मायोसीन काळात म्हणजे दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी तिथे घनदाट पावसाळी जंगल होतं. तिथे ॲना गिलेस्पी आणि तिच्या सहकाऱ्यांना एक मार्सुपियल लायन मिळाला ज्याचं वजन निघालं फक्त ६०० ग्रॅम. खारीपेक्षा थोडा मोठा सिंह! त्याचं नाव ठेवलं मायक्रोलिओ ॲटनबरोई, डेव्हिड ॲटनबरो यांच्या नावावरून, २०१६ मध्ये. हा झाडांवर राहून किडे, सरडे, पक्षी असं पकडत असणार. त्याच भागात वकालिओ वंशाचे प्राणी मिळाले, त्यातला २०१७ मध्ये वर्णन केलेला वकालिओ शूटेनी साधारण २३ किलोचा, मध्यम कुत्र्याएवढा. आणि हे सगळे एकाच काळात, एकाच जंगलात वेगवेगळ्या आकारांचे मार्सुपियल लायन आपापली शिकार वाटून घेत होते.

पुढे काय होत गेलं ते दातांवरून सरळ वाचता येतं. जुन्या वकालिओमध्ये वरच्या जबड्यात तीन उपदाढा आणि चार दाढा शिल्लक आहेत, उपदाढेचं पातं तयार आहे पण अजून बेताचं. जसजसा काळ पुढे सरकतो, हवामान कोरडं होत जातं, जंगलं विरळ होतात, शिकार मोठी होत जाते, तसतसे हे प्राणीही मोठे होतात, पातं लांबत जातं, दाढा एकेक करून कमी होत जातात. नॉर्दर्न टेरिटरीत अल्कूटा इथे सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीचा मोठा वकालिओ मिळतो, मग प्लायोसीनमध्ये (म्हणजे साधारण ५० ते २५ लाख वर्षांपूर्वी) थायलॅकोलिओ वंश येतो, आणि सगळ्यात शेवटी कार्निफेक्स, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी दाढांचा. म्हणजे क्रेफ्टला जे कोडं पडलं होतं, पॉसमसारखी दातांची ठेवण असलेला प्राणी शिकारी कसा, त्याचं उत्तर मधल्या पायऱ्यांमध्ये होतं आणि त्या पायऱ्या त्याच्या काळात जमिनीखालीच होत्या. त्याचा दोष नाही.

मग हे संपले कशामुळे? इथे दोन तट आहेत आणि दोन्हीकडे तावातावानं बोलणारे लोक आहेत. ऑस्ट्रेलियात माणूस निदान ५० हजार वर्षांपूर्वी पोचला होता, काही जण ६५ हजार म्हणतात. त्यानंतर काही हजार वर्षांत डायप्रोटोडॉन, मोठे कांगारू, घोरपडीच्या कुळातला अजस्र मेगालेनिया हे सगळे संपले. एक तट म्हणतो माणसानं शिकार केली, आगी लावून झाडोरा बदलला, मोठे प्राणी सावकाश पिल्लं देतात त्यामुळे थोडी शिकार सुद्धा त्यांना पुरून उरली. दुसरा म्हणतो हवामान आधीच कोरडं होत चाललं होतं, पाणवठे आटत होते, माणूस निमित्तमात्र. मला स्वतःला पहिल्या तटाचं म्हणणं जास्त पटतं, कारण याच प्राण्यांनी आधीच्या कितीतरी हिमयुगांचे तडाखे सहन केले होते. पण थायलॅकोलिओच्या बाबतीत फार खोलात जायची गरज नाही, माणसानं त्याला हातसुद्धा लावला नसेल तरी खायचं जनावरच गेलं की इतका मोठा आणि इतका फक्त मांसावर अवलंबून असलेला प्राणी टिकणार कसा? दाढाच नव्हत्या, कंदमुळांवर परत यायचा रस्ता त्याच्या पूर्वजांनीच बंद करून ठेवला होता.

माणसांनी त्याला बघितलं होतं का, यावर एक मजेदार पुरावा दिला जातो. २००८ मध्ये टिम विलिंग नावाच्या निसर्ग अभ्यासकानं वायव्य ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली किनाऱ्यावर कातळावरच्या एका जुन्या चित्राचा फोटो घेतला. चित्रात जाड पुढचे पाय, अंगावर पट्टे आणि शेपटीला गोंडा असलेला प्राणी आहे. किम एकरमन आणि विलिंग यांनी २००९ मध्ये मांडलं की हा थायलॅकोलिओ आहे. काहींना पटलं, काही म्हणतात पट्टे आहेत म्हणजे टास्मानियन टायगरच. चित्र खरंच थायलॅकोलिओचं असेल तर याच्या अंगावर पट्टे होते हे आपल्याला फक्त त्या चित्रावरून कळणार, हाडांवरून कातडीचा रंग निघत नाही. मी सध्या कुंपणावर बसलोय.

मेलबर्न किंवा ॲडलेडला राहणारे मराठी लोक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: साउथ ऑस्ट्रेलियातल्या नॅराकूर्टच्या गुहा ॲडलेडहून गाडीनं साधारण चार तासांवर आहेत. रिव्हर्सली आणि नॅराकूर्ट दोन्ही मिळून १९९४ पासून वर्ल्ड हेरिटेज आहेत, पण रिव्हर्सलीला जायचं म्हणजे मोहीमच, नॅराकूर्ट मात्र पोरांना घेऊन वीकेंडला होण्यासारखं आहे. तिथल्या व्हिक्टोरिया फॉसिल केव्हमध्ये १९६९ मध्ये रॉड वेल्स आणि ग्रँट गार्ट्रेल एका अरुंद फटीतून सरपटत आत गेले आणि समोर हाडांनी भरलेली अख्खी खोली निघाली. आता आत टूर जातात, खोदकामाची जागा दाखवतात आणि मार्सुपियल लायनचा सांगाडाही बघायला मिळतो. कवटीच्या बाजूनं उभे राहा आणि गालाकडचं ते पातं बघा, समोरचे दात बघण्यात वेळ घालवू नका.